नाशिकचं घर: कांदा चाळ, वाडा आणि वारूळ यांच्याकडून काय घ्यावं?

ओसरी (धागालेखिका)

मखमलाबादच्या बाजूला आमचा छोटा प्लॉट आहे. पूर्वेला रस्ता, पश्चिमेला सध्या मोकळं शेत. दिवाळीनंतर बांधकाम काढायचं आहे. दोन ठिकाणांहून आराखडे आले. एकात छताला पानाचा आकार दिलाय, दुसऱ्यात दर्शनी भिंत शिंपल्यासारखी वळवलीय. दोन्हींवर ‘निसर्गातून प्रेरणा’ असं लिहिलंय. आणि दोन्हींमध्ये पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच आहे, चारही खोल्यांत एसीची जागा आधीच आखून ठेवली आहे.

मला यात काहीतरी फार चुकतंय असं वाटतं, म्हणून हा धागा. पान सुंदर दिसतं हे खरं, पण पान उन्हात उभं राहून स्वतःला थंड ठेवतं, ही त्याची खरी करामत. घराने पानाकडून काही घ्यायचं तर ते घ्यावं. ते जमत नसेल तर पानाच्या आकाराच्या स्लॅबखालीही मे महिन्यात तेवढंच उकडणार.

आपल्या जिल्ह्याकडे बघा. इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तिकडच्या पाड्यांवर कारवीच्या (डोंगरातल्या एका झुडपाच्या) काठ्यांच्या कुडाच्या भिंती, त्यांवर शेणमातीचा लेप, आणि छपराची वळचण इतकी खाली की वाकूनच आत जावं लागतं. भिंत भिजू नये म्हणून छप्पर असं खाली उतरतं. नाशकात आलं की पाऊस कितीतरी कमी होतो आणि जाड भिंतींचे, चौकाचे, कौलारू वाडे सुरू होतात. तिथून येवला, नांदगाव, मालेगावकडे गेलं की पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटरवर येतो आणि छप्पर सपाट होतं: मातीचं धाबं. एकाच जिल्ह्यात, दोन-तीन तासांच्या रस्त्यात, घराने तीन वेळा रूप बदललंय. कुणा आर्किटेक्टने सांगितलं म्हणून नाही. पाऊस, माती आणि हाताशी असलेलं लाकूड यांनी ते ठरवलं. आज मात्र इगतपुरीपासून येवल्यापर्यंत तोच स्लॅब आणि तीच सरकती ॲल्युमिनियमची खिडकी.

आणखी मागे जायचं तर पांडवलेणी. दोन हजार वर्षांपूर्वी त्रिरश्मी डोंगर कोरणाऱ्यांनी त्याची उत्तरेची कूस निवडली. विहारापुढे ओसरी, तिच्या सावलीत आतली दारं, आणि पावसाचं पाणी साठवायला बाजूलाच कातळात कोरलेली टाकी. उन्हाळ्यात पायऱ्या चढून घामाघूम झालेला माणूस त्या ओसरीत शिरला की दोन मिनिटांत निवतो. हे तुम्ही सगळ्यांनी अनुभवलं असेल.

मला वाडा पुन्हा बांधायचा नाही. ते परवडणारही नाही. पण तीन गोष्टींवर जाणकारांचं मत हवं आहे. पश्चिमेचं काय करायचं, कारण ऊन तिकडून आणि वाराही तिकडूनच? स्लॅबला पर्याय काय? आणि छोट्या प्लॉटवर चौक शक्य आहे का?

---

निफाडकर

ताई, धाग्याच्या नावात कांदा चाळ आली आणि मजकुरात तिच्याबद्दल एक ओळ नाही. म्हणून मी लिहितो.

कांदा हा जिवंत माल आहे. काढल्यावरही तो श्वास घेतो, ऊब सोडतो, ओल सोडतो. एप्रिलात भरलेला उन्हाळ कांदा दिवाळीपर्यंत टिकवायचा म्हणजे मेचं ऊन, जुलैची दमट हवा आणि सप्टेंबरचा उकाडा, सगळं त्याच चाळीत काढायचं. वीज नाही, पंखा नाही. म्हणून चाळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेली असते आणि तळाला फटी असतात, हवा खालून शिरते. बाजू बांबूच्या किंवा लाकडी पट्ट्यांच्या, मध्ये फटी. कप्प्याची रुंदी चार फुटांच्या आसपास आणि थर पाच फुटांच्या वर नाही, कारण त्याहून जाड ढीग झाला की मधल्या कांद्यापर्यंत वारा पोचत नाही. छप्पर बाहेर चांगलं तीन फूट काढायचं, पावसाची झड आत येता कामा नये. पत्र्यापेक्षा कौलं किंवा सिमेंटचा पत्रा बरा, साधा पत्रा खालचा कांदा भाजून काढतो.

दिशाही ठरलेली. एकपाखी, म्हणजे एका ओळीची चाळ दक्षिणोत्तर बांधायची, म्हणजे पश्चिमेचा वारा लांब बाजूवर आडवा लागून आरपार जातो. दुपाखी, म्हणजे दोन ओळींची, पूर्व-पश्चिम, म्हणजे मधल्या बोळातून वारा वाहतो. आपल्याच जिल्ह्यात राष्ट्रीय बागवानी संशोधन व विकास प्रतिष्ठानचं काम आहे, शेतकऱ्याला या मापांची माहिती तिथूनही मिळते.

आता बघा, जो शेतकरी कांद्यासाठी इतका विचार करतो तोच शेजारी स्वतःसाठी बंगला बांधतो तेव्हा वरून पत्र्याची शेड टाकलेला स्लॅब आणि पश्चिमेला बंद काच. मला हे बघून फार वाईट वाटतं. कांद्याला जेवढी हवा लागते तेवढी माणसालाही लागते.

---

आर्कि_नाशिकरोड

निफाडकर, तुमचा प्रतिसाद मी माझ्या ऑफिसातल्या मुलांना वाचून दाखवला. उचललेला तळ, मर्यादित रुंदी, लांब वळचण, वाऱ्याला आडवी लांबी. इमारतीतून हवा खेळवण्याबद्दल आम्ही पाच वर्षं जे शिकतो त्याचा गाभा एवढाच आहे. घरातही खिडकीपासून आतल्या भिंतीपर्यंतचं अंतर उंचीच्या फार पटीत गेलं की आरपार वारा मरतो.

ओसरी, तुमच्या पश्चिमेच्या प्रश्नाकडे येतो, पण आधी दक्षिण, कारण ती सोपी आहे. नाशिक २० अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरच्या दुपारी सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून साधारण ४७ अंशांवर असतो, मार्च आणि सप्टेंबरच्या २१-२२ तारखेला ७० अंशांवर, आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात बरोबर डोक्यावर, तो आपला शून्य सावलीचा दिवस. याचा हिशोब असा: दक्षिणेच्या चार फूट उंच खिडकीवर, चौकटीला लागून, दीड फुटाचा छज्जा काढला तर मार्चपासून सप्टेंबरपर्यंत दुपारचं ऊन काचेला लागत नाही. डिसेंबरात मात्र तोच छज्जा वरच्या दीड-पावणेदोन फुटांवरच सावली टाकतो, उरलेल्या खिडकीतून ऊन थेट आत जमिनीवर येतं. निफाडला थंडीत पारा कुठे जातो ते सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. नाशकातही जानेवारीच्या सकाळी हे ऊन हवंहवंसं असतं. दीड फुटाचं काँक्रीट, आणि दोन्ही ऋतू सांभाळले जातात.

पश्चिमेला हा हिशोब चालत नाही. मे महिन्यात संध्याकाळी साडेपाचला सूर्य जेमतेम वीस अंशांवर असतो. दोन फुटांचा छज्जासुद्धा खिडकीच्या वरच्या नऊ इंचांवर सावली देतो, बाकी सगळी खिडकी उघडी. तिथे आडवा छज्जा वाढवत नेण्यात अर्थ नाही.

पण नीट पाहिलं तर ऊन आणि वारा एकाच दिशेने येत असले तरी आपल्याला ते एकाच वेळी नको असतात. मेच्या दुपारी चाळीसच्या आसपासचा वारा घरात घेऊन काय करायचं? तेव्हा घर बंदच हवं. वारा हवा तो सूर्य मावळल्यावर, आणि आपल्याकडे उन्हाळ्यातही पहाटे पारा बावीस-चोवीसपर्यंत उतरतो. ही नाशिकची फार मोठी देणगी आहे, मुंबईला ती नाही. म्हणजे पश्चिमेची खिडकी ठेवा, पण तिला काचेच्या बाहेरून घट्ट लाकडी झडपा लावा. सकाळी दहाला बंद, संध्याकाळी सातला उघड. जुन्या नाशकातल्या खिडक्यांना झडपाच असत. काचेच्या आतून पडदा लावून उपयोग नाही, काच ओलांडली की ऊन घरात आलंच.

आणि पश्चिमेच्या भिंतीला जिना, बाथरूम, कोठीघर टाका. झोपायच्या खोल्या पूर्वेला आणि उत्तरेला. वास्तूच्या आग्रहाने काही जण नैऋत्येला मोठी बेडरूम मागतात. श्रद्धेचा मान ठेवून मी एवढंच सांगतो की त्या खोलीच्या पश्चिम भिंतीला पोकळी द्या, नाहीतर रात्री अकरापर्यंत ती भिंत तापलेली राहील.

---

जुन्या_नाशकातला

माझं बालपण तिवंध्याजवळच्या वाड्यात गेलं, म्हणून चौकाबद्दल लिहितो.

जोतं आणि खालचा भाग काळ्या घडीव दगडाचा, वर विटा-मातीच्या दीड हात जाड भिंती, आत सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा, वर कडीपाट (लाकडी तक्तपोशी) आणि कौलं. चौक आमच्याकडे दहा बाय बारा फुटांचा असेल. रात्रीची गार हवा जड, ती चौकात उतरून साठते. उन्हं वर येईपर्यंत चौकाच्या चारी बाजूंच्या सोप्यांत, म्हणजे चौकाकडे उघड्या दालनांत, तो गारवा टिकतो. जाड भिंत दिवसभर ऊन पिते आणि ते आतल्या बाजूला पोचेपर्यंत मध्यरात्र होते, तेव्हा माणसं गच्चीवर नाहीतर ओसरीवर झोपलेली असतात. हे सगळं घरातल्या बायकांना नेमकं ठाऊक असे. दुपारची निवडटिपण कुठल्या सोप्यात, बाळंतिणीची खोली कुठली, लोणच्याच्या बरण्या कुठल्या कोनाड्यात, सगळं त्या हिशोबाने.

आणि खालचा दगड नुसत्या भक्कमपणासाठी नव्हता. गोदेचा पूर १९६९ ला आला, २००८ ला आला, २०१६ ला आला. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कंबरेला पाणी, छातीला पाणी, ही आमची मोजपट्टी. सराफ बाजार, भांडी बाजारात पाणी शिरतं आणि उतरतं. दगडाला त्याचं काही वाटत नाही. माती आणि लाकूड त्याच्या वर सुरू होतं. नदीशेजारी राहणाऱ्यांनी नदीची सवय ओळखून घर बांधलं होतं.

पण नुसतं गोडवे गाऊन चालणार नाही. दर पावसाळ्यात जुन्या नाशकात वाडे ढासळतात, माणसं जखमी होतात, जीवही जातात. भाडं वर्षानुवर्षं नाममात्र, मालकाला दुरुस्ती परवडत नाही, भाडेकरूला सोडवत नाही, जून आला की नोटिसा लागतात. आणि एक कारण बांधकामाचंही आहे. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला की आतली ओल बाहेर पडत नाही. भिंत बाहेरून ठणठणीत दिसते आणि आतून चिखल होत जाते. आमच्या वाड्याची मागची भिंत अशीच गेली. चुन्याचा गिलावा असता तर ती सुकली असती. ज्यांच्याकडे अजून वाडे उभे आहेत त्यांनी कृपा करून सिमेंट लावू नका, कौलं मात्र दर वर्षी तपासा. पाणी वरून आत शिरलं की वाडा संपतो.

छोट्या प्लॉटवर चौकाची अडचण जागेपेक्षा नियमांची आहे. चारी बाजूंना मोकळी जागा सोडायचा नियम आणि वाड्याची रीत एकमेकांच्या उलट आहेत. वाडा शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत लावून उभा राहतो आणि मोकळी जागा आत घेतो. आपण ती बाहेर, कंपाउंडच्या आत, तीन-चार फुटी गल्लीत घालवतो, जिथे टाकी आणि भंगार यांशिवाय काही राहत नाही.

---

ओसरी

किती मोलाचं लिहिलंत सगळ्यांनी. लाकडी झडपांचा मुद्दा मी उद्याच पुढे ठेवते.

जुन्या_नाशकातला, मग चौकाऐवजी जिन्याची पोकळी वापरता येईल का? आणि निफाडकर, पश्चिमेच्या अंगणावर द्राक्षाचा मांडव टाकायचा माझ्या सासऱ्यांचा फार आग्रह आहे. उन्हाळ्यात सावली, थंडीत पानगळ, शिवाय आपल्या नाशिकची ओळख.

---

निफाडकर

ताई, सासऱ्यांना नमस्कार सांगा, पण द्राक्षाचं वेळापत्रक आपल्याकडे उलटं आहे. एप्रिलात खरड छाटणी होते, वेल पार बोडका करतात. म्हणजे ऐन एप्रिल-मेच्या उन्हात मांडव उघडा. जूननंतर तो दाट होतो, तेव्हा ढग असतात. ऑक्टोबरात परत गोडी छाटणी. थंड देशांत हिवाळ्यात पानं झडतात आणि उन्हाळ्यात मांडव भरतो, ते चित्र आपल्याकडे लागू नाही. छाटणी न करता नुसता सावलीसाठी वेल ठेवला तर भुरी-डाऊनी या रोगांचं घर होईल, आणि आजूबाजूच्या बागांनाही त्रास.

मधुमालती लावा. भराभर चढते, पाणी बेताचं लागतं. आणि झाड लावायला जागा असेल तर करंज किंवा कडुनिंब. कडुनिंब फेब्रुवारी-मार्चात पानं टाकतो आणि एप्रिलात नवी पालवी घेऊन तयार असतो, म्हणजे थंडीच्या शेवटाला ऊन आणि मेमध्ये सावली. बहावा दिसायला देखणा, पण मेमध्ये फुलतो तेव्हा अंगावर पान नसतं. पश्चिमेला तो कामाचा नाही, रस्त्याकडे पूर्वेला लावा, येणारे-जाणारे बघतील.

---

आर्कि_नाशिकरोड

जिन्याची पोकळी हा चांगला विचार आहे. आपल्याकडे रो हाऊस एवढी आहेत, त्यांना बाजूंना खिडक्याच नाहीत, तिथे तर दुसरा मार्गच नाही. गरम हवा वर चढते. जिन्यावरच्या खोलीला वरच्या टोकाला पूर्वेकडे आणि उत्तरेकडे जाळी द्या, पश्चिमेला देऊ नका, कारण पावसाची झड तिकडून येते. खाली संध्याकाळी खिडक्या उघडल्या की वरून गरम हवा निघत राहते आणि खालून गार हवा आत ओढली जाते. वरच्या जाळीला थंडीत बंद करता येईल अशी झडप हवी, नाहीतर डिसेंबरात सगळी ऊब तिथून जाईल.

वारुळाचं नाव धाग्यात आहे म्हणून त्याबद्दलही सांगतो. झिंबाब्वेत हरारेला ईस्टगेट सेंटर नावाची मोठी इमारत १९९६ मध्ये उभी राहिली, मिक पीअर्स यांनी केलेली. वाळवीच्या वारुळावरून सुचलेली म्हणून ती जगभर गाजली. तिचं काम असं चालतं की रात्रीची गार हवा पंख्यांनी काँक्रीटच्या पोकळ तळांमधून फिरवतात, काँक्रीट गार होतं, आणि दिवसा तो गारवा खोल्यांना मिळतो. तापलेली हवा छतावरच्या धुराड्यांतून जाते. हरारे उंचावर आहे, दिवस-रात्रीच्या तापमानात मोठा फरक पडतो, म्हणून हे तिथे जमलं. नाशिकही सुमारे सहाशे मीटरवर, दख्खनच्या पठारावर. तत्त्व आपल्याला लागू पडतं.

गंमत पुढे आहे, आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. २००८ मध्ये स्कॉट टर्नर आणि रूपर्ट सोअर या अभ्यासकांनी दाखवलं की वारूळ मुळात तापमान राखण्याचं यंत्र नाही. बाहेरच्या वाऱ्याच्या कमी-जास्त झोतांवर ते आतल्या हवेची देवाणघेवाण करतं, फुप्फुसासारखं. म्हणजे ज्या समजुतीवर इमारत सुचली ती समजूत अपुरी होती, तरी इमारत चालली, कारण हरारेच्या हवेचा अभ्यास पक्का होता. निसर्गाची उपमा चुकली तर चालतं, गावाच्या हवेचा हिशोब चुकला तर चालत नाही.

---

गवंडी_सातपूर

तीस वर्षं बांधकामावर आहे. स्लॅबबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

मेमध्ये सूर्य डोक्यावर असतो म्हणजे भिंतीपेक्षा जास्त ऊन स्लॅब खातो. दुपारी तापतो आणि रात्री जेवायच्या वेळेला खाली सोडायला लागतो. लोक वरून पत्र्याची शेड टाकतात, थोडा फरक पडतो, पण चारी बाजू बंद करून त्यात सामान भरलं की भट्टी होते. त्यापेक्षा विटांच्या तुकड्यांचा कोबा नीट उतार काढून करा आणि वर पांढऱ्या फुटक्या टाइल्स बसवा. ऊन परत जातं, गळतीही थांबते. अहमदाबादला आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींच्या ‘संगाथ’ ऑफिसच्या गोल छपरांवर अशाच फुटक्या चिनी मातीच्या तुकड्यांचं काम आहे, १९८० च्या सुमाराचं. आमच्या एका साहेबांनी फोटो दाखवले होते.

दुसरं म्हणजे फिलर स्लॅब. स्लॅबच्या खालच्या अंगाचं काँक्रीट फारसं भार घेत नाही, ताण सळई घेते. म्हणून सळयांच्या चौकटीत जुन्या मंगलोरी कौलांच्या जोड्या पालथ्या बसवायच्या. काँक्रीट वाचतं, दोन कौलांमध्ये हवा कोंडली जाते, उष्णता कमी उतरते, आणि खालून गिलावा न करता छान दिसतं. जुन्या नाशकातले वाडे पाडताना कौलं मिळतात, पण एकेक वाजवून घ्या, तडकलेलं कौल ओल धरतं. डिझाइन मात्र इंजिनिअरकडूनच घ्या, अंदाजाने करू नका.

पश्चिमेच्या भिंतीला रॅट ट्रॅप बाँड. आर्किटेक्ट लॉरी बेकर साहेबांनी केरळात घरोघरी नेलेली पद्धत. विटा उभ्या लावायच्या, मध्ये पोकळी राहते, नऊ इंचांचीच भिंत पण विटा पाव हिश्शाने कमी. एकलहरेच्या वीज केंद्राच्या राखेच्या विटा एकसारख्या मापाच्या येतात, त्या या कामाला चांगल्या. मातीच्या विटा वाकड्या असल्या तर पोकळीत मसाला पडून ती बुजते. पहिल्या दिवशी गवंड्याजवळ उभं राहून बघा, दोन थर नीट झाले की पुढे हात बसतो.

मखमलाबादला काळी माती असेल. ती पावसात फुगते, उन्हात आकसते. पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्या. यात काटकसर करणाऱ्यांच्या भिंतींना तिरक्या भेगा मी बघितल्यात. काळ्या मातीच्या दाबून केलेल्या विटा करायचं डोक्यात असेल तर सोडून द्या, त्याच कारणाने त्या टिकत नाहीत.

---

त्र्यंबकची_वाट

मी पेठ-सुरगाण्याच्या बाजूला शाळेत शिकवतो. धागा फार आवडला, पण कुडाच्या घराबद्दल एक बाजू राहतेय.

कारवी आता पूर्वीसारखी हाताशी नाही. सात-आठ वर्षांनी फुलते, बी पडतं, मरते, पुन्हा रुजते. त्या चक्राला धरून ती तोडायची रीत होती. कूड दर वर्षी लिंपायचा, छप्पर पावसाआधी शाकारायचं, त्याला घरातले चार आणि शेजारचे चार हात लागतात. आज तरुण मंडळी पावसाळा संपला की द्राक्षाच्या कामाला निफाड-दिंडोरीकडे जातात. हातच नाहीत. माझ्या विद्यार्थ्यांच्या आयांना विचारा, त्यांना स्लॅबचं घर हवंय. पावसात न गळणारं, साप न शिरणारं, दर वर्षी दहा दिवस न खाणारं. त्यांना ‘तुमचं जुनं घरच किती छान’ असं सांगायचा अधिकार मला नाही.

सरकारी घरकुल योजनेत २०१६ मध्ये सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगरी भागात १ लाख ३० हजार रुपये ठरले, किमान २५ चौरस मीटरचं घर. त्या पैशात बहुतेकांचं चार भिंती आणि पत्रा होतं. मेमध्ये ते घर दुपारी वापरताच येत नाही, आणि पावसात पत्र्याच्या आवाजात मुलाला अभ्यास होत नाही. मी पाहिलंय की लोक स्वतःहून त्याला जुन्या रीतीची पडवी जोडतात: पुढे बांबूचं खोपट, बाजूने कूड, खाली सारवलेली जमीन. दिवसभराचा वावर तिथे, पेटी-कपाट आणि रात्रीची झोप आत. नवं आणि जुनं त्यांनी स्वतःच जोडून घेतलंय. आर्किटेक्ट मंडळींनी या जोडकामाचा अभ्यास करावा अशी माझी मनापासून विनंती आहे. घरकुलाच्या नमुन्यातच पडवी आणि कौलाला उतार धरला तर किती बरं होईल.

---

येवलेकरीण

येवल्याच्या जुन्या घरांत पैठणीचा माग पुढच्या दालनात असतो. उजेड हवा पण ऊन नको, आणि हवा फार कोरडी झाली तर रेशमाचा धागा तुटतो. म्हणून जाड भिंत, छोटी उंच खिडकी, मातीची जमीन. नव्या बांधकामात माग हलवलेल्या माझ्या मावशीला उन्हाळ्यात जमिनीवर पाणी मारून काम करावं लागतं, फरशीवर ओल टिकत नाही. घर गार आहे की नाही एवढंच न बघता घरात काम काय चालतं तेही बघा, एवढंच सांगायचं होतं. नाशकात तांबट आळीतही तसंच आहे, खाली ठोकाठोक, वर राहणं.

धाब्याबद्दल: वर पांढरी माती टाकतात, पावसात ती दाबून बसते आणि पाणी धरत नाही. पण हे कमी पावसाचं काम. नाशकाच्या पश्चिमेला धाबं करू नका.

---

ओसरी

येवलेकरीण, हे फार पटलं. मी घरून शिकवण्या घेते, पंधरा-वीस मुलं संध्याकाळी येतात. त्यांच्यासाठी पूर्वेला रस्त्याकडे ओसरी असा विचार पक्का होतोय, दुपारनंतर तिथे घराचीच सावली असेल. चैत्रात वाळवणं मात्र गच्चीवरच, म्हणून गच्चीचा एक भाग उघडा हवा.

दोन शंका राहतात. संध्याकाळी खिडक्या उघडायच्या म्हणजे डास. गोदेच्या आसपास राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. दुसरं, जुन्या वाड्याचे सागवानी खांब ओसरीला वापरावेत का?

---

आर्कि_नाशिकरोड

मच्छरजाळी लावाच, पण जाळी वारा बऱ्यापैकी अडवते, म्हणून खिडकी नेहमीपेक्षा मोठी धरा. सरकत्या खिडकीत अर्धी जागा कायम काचेने अडलेली असते, त्याऐवजी बिजागरीची पूर्ण उघडणारी घ्या. आतून जाळीची चौकट, बाहेरून लाकडी झडप, मध्ये गज. झडपेला पट्ट्या असतील तर रात्री ती बंद ठेवूनही वारा येतो आणि चोरापोरांची काळजी राहत नाही.

स्लॅबबद्दल गवंडीदादांनी लिहिलेलं सगळं बरोबर. आकड्यात हवं असेल तर केंद्राच्या ‘इको निवास संहिता’ २०१८ मध्ये घराच्या छतासाठी उष्णतेच्या वहनाची मर्यादा १.२ वॅट प्रति चौरस मीटर प्रति अंश ठरवलेली आहे. उघड्या स्लॅबमधून त्याच्या दुपटीहून जास्त उष्णता आत येते. तुमच्या आर्किटेक्टला विचारा की त्यांचं छत या मर्यादेत बसतं का. उत्तर देता आलं नाही तर पानाच्या आकाराचं पुढे बोलू नका.

---

जुन्या_नाशकातला

खांब जरूर वापरा. शंभर-दीडशे वर्षं सुकलेलं सागवान आहे, आता ते वळणार नाही, पिळणार नाही. घेताना मात्र खालचा हातभर भाग टोचून बघा. वाळवी आणि ओल तिथूनच लागते, वरचा भाग सहसा शाबूत असतो. खालचा किडका भाग कापून टाकला तर खांब आखूड होतो, ती उंची दगडी तळखड्याने भरून काढा. तळखडा असाही हवाच, लाकूड थेट जमिनीला किंवा काँक्रीटला टेकवू नका. आमच्या वाड्यातले तळखडे वीतभर उंच होते. पाणी सांडलं, जमीन धुतली, तरी खांबाचं बूड कोरडं राही.

वाडा पाडणाऱ्या ठेकेदाराकडून लाकूड घेताना तळखडेही मागून घ्या. लाकडाला गिऱ्हाईक असतं, तळखडे बहुतेक वेळा राडारोड्यात भरावाला जातात.

---

ओसरी

उद्या सकाळी खांब आणि तळखडे बघायला जाते. पुढच्या रविवारी नवा आराखडा इथे चढवते, पश्चिमेची बाजू आणि छताचा काप दोन्ही. निफाडकर, तुम्ही नक्की बघा.